गोळी आणि बोलणे

भरल्या लोकलमध्ये एकाएकी छाती धडधडू लागते, श्वास अपुरा पडतो आणि आता मरण आले अशी खात्रीच पटते. काही मिनिटांत झटका ओसरतो. हृदयाचा आलेख निर्दोष निघतो; ‘तुम्हांला काहीही झालेले नाही’ असे सांगून रुग्णाची बोळवण होते. वस्तुतः पुष्कळदा ही पॅनिक डिसऑर्डरची सुरुवात असते. आज लोकल टळते, उद्या कचेरी. पुढे घराचा उंबरठाही ओलांडवत नाही.

या विकारावर औषध आहे. न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयात डोनाल्ड क्लाइन यांना १९६०च्या सुमारास आढळले की, इमिप्रामीनने झटके थांबतात. तरीही रुग्ण एकट्याने बाहेर पडण्यास धजत नव्हते. झटका जातो, झटक्याची धास्ती उरते. ती घालविणे हे संवादोपचाराचे काम. हा उपचार म्हणजे धीराचे चार शब्द, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. तसे नाही. उपचारक रुग्णाला मुद्दाम खुर्चीत गरगर फिरवितो, जिना धावत चढावयास लावतो. धडधड म्हणजे मृत्यू नव्हे, हे त्याच्या शरीरालाच शिकवितो. मग लोकलचे एक स्थानक, मग दोन.

दोहोंची जोड घातली की सारे साधले, असेही नाही. अमेरिकेत ३१२ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. उपचार चालू असेतो जोडउपचाराचे पारडे जड राहिले. परंतु उपचार थांबून सहा महिने लोटल्यावर इमिप्रामीनविना संवादोपचार घेतलेले रुग्णच अधिक सावरलेले दिसले. आपण तरलो ते गोळीमुळे, असे मनाने घेतले असेल, तर गोळी सुटताच भय परतावे यात नवल ते काय? म्हणून गोळी एकदम बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी व्हावी, आणि त्या काळात बोलणे मात्र चालू राहावे.

आपल्याकडे पाच मिनिटांत चिठ्ठी लिहून होते. तीत अनेकदा अल्प्राझोलाम असते. तिची सवय जडते. शिवाय धडधड सुरू होताच ती घेतली, की भय आपोआप ओसरते हा अनुभव यावयाचाच राहतो. ताशी शुल्क देऊन संवादोपचार घेणे कारकुनाच्या पगारात बसत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मनोविकारांचाही विमा शारीरिक आजारांप्रमाणेच देण्यास बांधले खरे. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात, आणि या विकारात दाखल होण्याची वेळ सहसा येतच नाही.