व्हर्च्युअल ऑफिस आणि चष्म्याचं भूत

‘व्हर्च्युअल ऑफिस? म्हणजे दिवसभर डोळ्यांवर तो डबा बांधून बसायचं ना?’ घरून काम करणाऱ्या सॉफ्टवेअर टीमपुढे हा विषय काढला की पहिला प्रश्न हाच येतो, आणि चर्चा बहुधा तिथेच संपते.

गैरसमज : व्हर्च्युअल जग म्हणजे हेडसेट.

वस्तुस्थिती : नाही, नाही आणि नाही! सेकंड लाइफ हे त्रिमितीय जग २००३ साली खुलं झालं ते साध्या संगणकावर, माऊस-कीबोर्डच्या भरवशावर. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला सन मायक्रोसिस्टम्सच्या इमारतींचे क्रमांक एमपीके-१९ पर्यंत होते. सनच्या संशोधकांनी २००७च्या सुमारास एमपीके-२० उभारली, ती फक्त संगणकात. तिथे जवळच्याचा आवाज मोठा, लांबच्याचा बारीक ऐकू येई. फोनवरून आलेला सहकारी तरंगत्या गोळ्याच्या रूपात बैठकीला हजर असे! २०२० साली आलेल्या गॅदरने तर तिसरी मितीही टाकून दिली. ब्राउझरमध्ये जुन्या व्हिडिओ गेमसारखा नकाशा. कुणाच्या जवळ गेलं की त्याचा चेहरा आणि आवाज सुरू, लांब गेलं की बंद.

चष्म्यावर अडून बसलं की मुद्दाच निसटतो, म्हणून ही चिडचिड. विखुरलेल्या टीमचं दुखणं वेगळंच आहे. हर्बस्लेब आणि मॉकस यांच्या २००३च्या अभ्यासात दिसलं, की अनेक ठिकाणी विभागलेल्या कामाला एकाच ठिकाणच्या तशाच कामापेक्षा सुमारे अडीच पट वेळ लागतो. एका खोलीत बसणाऱ्यांना शेजारची कुरकुर आपोआप ऐकू येते आणि ‘अरे थांब, बिल्ड मी ब्रेक केलाय’ असं सांगून कुणीतरी मोकळं होतं. तेवढ्याच वाक्यासाठी कॉलची वेळ ठरवायची म्हटलं की अख्खी दुपार जाते. हे सहज कानावर पडणं परत मिळावं, एवढ्यासाठी ही जगं. चित्रं देखणी नसली तरी चालतं. आवाजाला अंतर कळलं पाहिजे.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

‘ही कोविडनंतरची फॅशन.’ लुकासफिल्मचं हॅबिटॅट हे व्हर्च्युअल जग कमोडोर ६४ या घरगुती संगणकावर १९८६ साली चाचणीला आलं होतं. आयबीएमने २००८ मध्ये आपल्या तंत्रज्ञांची परिषद सेकंड लाइफमध्ये भरवली.

‘हेडसेट घातला की काम झपाट्याने होतं.’ २०२२च्या एका प्रयोगात आठवडाभर रोज आठ तास तो घालून काम करून पाहिलं. दोघांनी पहिल्याच दिवशी माघार घेतली. उरलेल्या सोळा जणांनी डोळ्यांवरचा ताण आणि कामाचा भार वाढल्याचं नोंदवलं.

‘अवतार टेबलाशी दिसतोय, म्हणजे माणूस कामात आहे.’ तो चहा टाकायला गेलेला असू शकतो. हजेरी घ्यायला हे वापराल, तर लोक पुतळा बसवून निघून जातील.

‘एकदा उभारलं की कायमचं.’ ऑल्टस्पेस हे असंच एक जग मार्च २०२३ मध्ये बंद झालं, मोझिलाचं हब्ज मे २०२४ मध्ये. म्हणून तिथे झालेले निर्णय बाहेरही लिहून ठेवा.

‘अंतर मिटतं.’ मैलांचं मिटेल, घड्याळाचं नाही. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात सकाळचे आठ वाजतात, तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेआठ झालेले असतात. शेजारच्या टेबलावर त्या वेळी कुणी बसलेलंच नसेल, तर कानावर पडणार काय?