मोटारसायकलचे इंजिन ऑइल बदलणे व नित्य देखभाल

मोटारसायकलच्या इंजिनातील वापरलेले वंगणतेल ठरावीक अंतरानंतर काढून त्याजागी नवे तेल भरणे, ही त्या वाहनाच्या नित्य देखभालीतील सर्वांत महत्त्वाची क्रिया होय. बोलीभाषेत हिला ‘ऑइल बदलणे’ म्हणतात. चारचाकी वाहनाखाली शिरण्यासाठी खड्डा किंवा जॅक लागतो. मोटारसायकलला मात्र योग्य मापाचा रिंग पाना, नरसाळे, एक पसरट भांडे आणि चार चिंध्या एवढे साहित्य पुरते. त्यामुळे हे काम अनेक वाहनधारक घरच्या अंगणातच करतात. काम अर्ध्या तासाचे असले तरी त्यातील दोन-तीन चुका इंजिनास फार महागात पडतात.

तेलाचे कार्य

आजच्या बहुतेक फोर-स्ट्रोक मोटारसायकलींत इंजिन, गिअरपेटी आणि क्लच या तिन्ही भागांना एकच तेल मिळते. मोटारगाडीत गिअरपेटीचे तेल वेगळे असते आणि क्लच कोरडा असतो. मोटारसायकलचा क्लच बहुधा तेलात बुडालेला, म्हणजे ‘ओला’ असतो. (जुन्या बिडाच्या इंजिनाच्या बुलेटमध्ये गिअरपेटीचे व क्लचच्या साखळीचे तेल वेगवेगळे भरावे लागे, टू-स्ट्रोक गाड्यांत इंजिनाचे तेल पेट्रोलबरोबर जळून जाते व गिअर ऑइल स्वतंत्र असते.) याशिवाय हवेने थंड होणाऱ्या इंजिनात उष्णता वाहून नेण्याचे कामही बऱ्याच अंशी तेलच करते.

इतकी कामे करणाऱ्या या तेलाचे प्रमाण फार अल्प असते. १०० सीसीच्या अनेक इंजिनांत ते एक लिटरच्या आतबाहेर भरते. मोटारगाडीच्या तीन-चार लिटरांतून पाव लिटर तेल कमी झाले तर ते लगेच जाणवत नाही; येथे तेवढीच घट म्हणजे एकूण साठ्याचा चौथा हिस्सा होय. शिवाय अनेक साध्या मोटारसायकलींत तेलाचा दाब कमी झाल्याची सूचना देणारा दिवा नसतो. पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होईपर्यंत चालकास काही कळत नाही. म्हणूनच वेळेवर तेल बदलण्यापेक्षाही मधल्या काळात त्याची पातळी पाहत राहणे अधिक महत्त्वाचे ठरते. बहुसंख्य वाहनधारक दुर्लक्ष करतात ते नेमके याच कामाकडे.

तेलाची निवड

डब्यावर छापलेल्या तीन खुणा पाहाव्या लागतात. पहिली ‘एसएई’ श्रेणी, उदाहरणार्थ १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५०. ‘डब्ल्यू’पूर्वीचा आकडा थंड अवस्थेतील आणि नंतरचा १०० अंश सेल्सियसला असलेली तेलाची श्यानता, म्हणजे दाटपणा, दर्शवतो. दाट तेल म्हणजे चांगले तेल हा समज रूढ असला तरी चुकीचा आहे. पातळ तेलासाठी घडवलेल्या इंजिनात दाट तेल घातल्यास सकाळी गाडी सुरू होताना ते वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते, आणि इंजिनाची बरीचशी झीज त्याच वेळी होते. दुसरी ‘एपीआय’ची खूण: एसजे, एसएल, एसएम, एसएन अशी अक्षरे पुढे सरकत जातात तसा दर्जा अलीकडचा असतो.

तिसरी खूण ‘जासो’ची. जपानी वाहन उद्योगाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस खास मोटारसायकलींसाठी हे मानक आखले. त्यातील एमए व एमए२ ही तेले ओल्या क्लचसाठी असतात, तर एमबी हे कमी घर्षणाचे तेल प्रामुख्याने कोरड्या क्लचच्या स्कूटरसाठी असते. मोटारगाडीच्या काही तेलांत इंधनबचतीसाठी घर्षण घटवणारी द्रव्ये मिसळलेली असतात. असे तेल मोटारसायकलमध्ये घातल्यास क्लच प्लेटा एकमेकींवरून घसरू लागतात. इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी त्या मानाने वेग घेत नाही. घरात मोटारगाडीसाठी आणलेल्या डब्यातले उरलेले तेल वापरून टाकण्याचा मोह या कारणासाठी टाळावा लागतो.

बदलण्याचे अंतर

नव्या गाडीचे पहिले तेल साधारण ५०० ते १,००० किलोमीटरच्या दरम्यान बदलतात, कारण नवे भाग एकमेकांत बसताना धातूचा कीस त्यात उतरतो. त्यानंतरचे अंतर गाडीगणिक बदलते: काहींत ३,०००, काहींत ५,००० ते ६,०००, तर अलीकडच्या काही मोठ्या इंजिनांत १०,००० किलोमीटर. याबाबत गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका प्रमाण मानावी. गाडी फारशी चालत नसली तरी वर्षातून एकदा तेल बदलणे इष्ट असते. रोज केवळ एक-दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे इंजिन पुरेसे तापत नाही, आतली वाफ बाहेर पडत नाही आणि तेल लवकर बिघडते. तेल काळे पडणे हा मात्र बिघाडाचा पुरावा नव्हे. काजळी पोटात धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे.

कृती

इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून तेल कोमट केले की ते सहज वाहते. लांबच्या प्रवासाहून आल्याबरोबर हे काम करू नये. उकळते तेल व सायलेन्सर यांनी हात भाजतो. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करून तेल भरण्याचे झाकण काढावे, खाली भांडे ठेवावे आणि इंजिनाच्या तळाचा ड्रेन बोल्ट सोडवावा. धार थांबल्यावर इग्निशन बंद ठेवून चार-पाच किका मारल्या की उरलेसुरले तेलही उतरते. बोल्टवर किंवा चाळणीवर बारीक भुकटी दिसणे स्वाभाविक आहे. चमकदार कपचे दिसल्यास गाडी जाणकार मेकॅनिकला दाखवावी.

सर्वाधिक नुकसान होते ते बोल्ट परत बसवताना. बोल्ट पोलादी असतो व इंजिनाचे कवच ॲल्युमिनियमचे. लांब दांड्याच्या पान्याने जोर लावला की मऊ धातूतील आटे निघतात, आणि मग एवढ्याशा बोल्टपायी कवचात नवे आटे पाडण्याची पाळी येते. यास्तव आरंभीचे काही फेरे हातानेच द्यावेत. बोल्ट तिरका चालला असेल तर बोटांना लगेच कळते. लहान मोटारसायकलींत अखेरचा ताण बहुधा २० ते ३० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. गळती थांबते ती जोराने नव्हे, वॉशरने. तो दर वेळी नवा घालावा.

कागदी फिल्टर असल्यास तोही याच वेळी बदलतात. काही फिल्टरांना एकाच बाजूस भोक असते; ते उलटे बसल्यास तेलाचा मार्गच बंद होतो. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत कागदी फिल्टरऐवजी जाळी व केंद्रोत्सारी फिल्टर असतो. तो साफ करण्यास इंजिनाची बाजू उघडावी लागत असल्याने ते काम गॅरेजवर सोपवणे बरे.

नवे तेल नरसाळ्याने भरताना पुस्तिकेतील दोन आकड्यांत गल्लत होते. इंजिन पूर्ण खोलल्यावर लागणारे तेल अधिक असते. नुसते बदलताना आत काही तेल राहिलेलेच असते. अख्खी बाटली रिकामी करण्याची सवय येथे नडते. जादा तेल क्रँकच्या फेऱ्यांत घुसळले जाऊन फेसाळते आणि श्वासनलिकेतून एअर फिल्टरमध्ये चढते. भरल्यावर इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून, बंद करून, आणखी तितकाच वेळ थांबून पातळी पाहावी. पट्टी अनेक गाड्यांत आटे न फिरवता केवळ टेकवून वाचायची असते, ही बारीक गोष्ट विसरल्यास पातळी चुकीची दिसते. काही गाड्यांत पट्टीऐवजी काचेची खिडकी असते. ती गाडी सरळ उभी धरूनच पाहावी.

पावसाळ्यातील दक्षता

पट्टीवर तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले आहे असे समजावे. पुराच्या पाण्यात बुडालेली मोटारसायकल किक मारून सुरू होते का हे पाहण्याचा प्रयत्न अनेकदा उरलेसुरले इंजिनही घालवतो. सिलिंडरमध्ये पाणी असल्यास ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा गाडीचा प्लग काढून पाणी बाहेर काढणे, तेल बदलणे, थोडा वेळ चालवून ते पुन्हा बदलणे असा क्रम ठेवावा लागतो.

इतर नित्य देखभाल

साखळीचा ढिलेपणा मधोमध दाबून मोजतात. लहान गाड्यांत तो साधारण २० ते ३० मिलिमीटर असावा. अतिताणलेली साखळी सैल साखळीपेक्षा अधिक घातक, कारण खड्ड्यात गाडी दबताना तिचा ओढा गिअरपेटीच्या बेअरिंगवर येतो. साखळी रॉकेलने पुसून तिला गिअर ऑइल किंवा साखळीसाठीचा स्प्रे लावतात. इंजिनातून काढलेले तेल साखळीला चोपडण्याची प्रथा सर्रास आढळते. त्यातील धातूचा कीस साखळीस कानशीसारखा घासतो.

टॅपेटचा आवाज बंद करण्यासाठी ती घट्ट करून घेणेही असेच. किंचित वाजणारी टॅपेट निरुपद्रवी असते, तर घट्ट केलेली व्हॉल्व्ह पूर्ण मिटू देत नाही आणि तो जळतो. टॅपेटमधील फट इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजतात. धुळीच्या रस्त्यांवर एअर फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या अंतराआधीच पाहावा. डिस्क ब्रेकचे तेल हवेतील दमटपणा शोषते, म्हणून ते सुमारे दोन वर्षांनी बदलतात. टायरमधील हवा, ब्रेक शूची जाडी आणि केबलांचे वंगण यांची पाहणी तेलाच्या पातळीबरोबरच उरकता येते.

जळक्या तेलाची विल्हेवाट

काढलेल्या तेलास ‘जळके ऑइल’ म्हणतात. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला, किंवा काँक्रीट चिकटू नये म्हणून सेंट्रिंगच्या फळ्यांना ते फासण्याचा प्रघात आहे. त्यात धातूचे कण व ज्वलनातून आलेली अपायकारक द्रव्ये असतात. त्वचेशी वारंवार संपर्क टाळावा, हात साबणाने धुवावेत. गटारात किंवा मातीत ओतलेले तेल पावसाबरोबर विहिरी-ओढ्यांपर्यंत जाते.

भारतात वापरलेले तेल केंद्र शासनाच्या २०१६ च्या घातक कचराविषयक नियमांखाली येते, आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रियाकारांकडेच जाणे अपेक्षित आहे. १ एप्रिल २०२४ पासून तेल उत्पादकांवर ते परत गोळा करून पुनर्प्रक्रियेस पाठवण्याचे दायित्वही टाकण्यात आले आहे. घरी तेल बदलणाऱ्याने ते नव्या तेलाच्या रिकाम्या बाटलीत भरून, बूच घट्ट लावून, पिंपात जळके ऑइल साठवणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे. त्यात पाणी, रॉकेल किंवा ब्रेक ऑइल मिसळू नये. भेसळ झालेल्या तेलाचे शुद्धीकरण अवघड होते.