तंबू, राख आणि रिठा

मुलाबाळांसह एक रात्र तंबूत काढायची म्हटलं की घरात चर्चा होते ती साप-विंचवांची, थंडीची आणि तंबू कुठला घ्यायचा याची. पाण्याचा विषय कुणी काढत नाही. माझ्या मते अशा मुक्कामात माणसाला सगळ्यात जास्त शिकवतं ते पाणीच. भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी रतनवाडीच्या बाजूला आम्ही तंबू टाकतो, तेव्हा पिण्याचं, स्वयंपाकाचं आणि भांड्यांचं पाणी कॅन भरून वाहून आणावं लागतं. वापरलेलं पाणी कुठं ओतायचं, हेही आपणच ठरवायचं असतं. घरी मोरीत ओतलं की ते नजरेआड होतं. इथं उतार जिकडे, तिकडे ते आपल्या डोळ्यांदेखत जातं, आणि उतार असतो तलावाकडे. त्या पाण्यात बाजारातलं हिरवंगार लिक्विड मिसळायला माझा हात धजेना. मग सासूबाईंना विचारून मी रिठा आणि राख जवळ केली, आणि तीच सवय पुढे घरातल्या ओट्यापर्यंत आणि न्हाणीघरापर्यंत आली. मी नाशिकला शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे काय चालतं याच्या जोडीला ते का चालतं हेही सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

पहिला मुक्काम घरापासून जवळ करावा. काही बिनसलं, पोराला ताप आला, तर रात्री गाडी काढून घरी परतता आलं पाहिजे. नाशिककरांना घोटीवरून शेंडी म्हणजे भंडारदरा सोयीचं. पुण्यामुंबईकरांना पवना जलाशय आहे. प्रवरा नदीवरचं विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. त्याच्या मागे पसरलेल्या आर्थर लेकच्या कडेकडेनं रस्ता रतनवाडीला जातो. तिथं अमृतेश्वराचं जुनं देखणं मंदिर आहे आणि डोक्यावर रतनगड. हा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. तेव्हा मनाला येईल तिथं खुंट्या ठोकू नयेत. गावात विचारून, शेतमालकाची परवानगी घेऊन, त्याला रीतसर पैसे देऊन त्याच्या शेतात मुक्काम करावा. पिठलं-भाकरीची सोय त्याच घरात होते, रात्री हाक मारायला माणूस जवळ असतो आणि गावात चार पैसे येतात.

नवख्यांनी ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. मेअखेरीला काजव्यांसाठी तिकडे झुंबड उडते. काजवे एकमेकांना शोधतात ते चमकून, आणि गाड्यांच्या दिव्यांत नि मोबाइलच्या बॅटऱ्यांत त्यांचे इशारे बुडून जातात. त्या गर्दीत लहान मुलांना घेऊन पहिलाच मुक्काम करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तंबू. 'चार माणसांचा' असं पिशवीवर लिहिलेलं असतं, तेव्हा चार माणसं खांद्याला खांदा लावून झोपतील एवढीच जागा धरलेली असते. पिशव्या, बूट, रात्री लोळणारी मुलं यांचा त्यात हिशोब नसतो. चौघांच्या कुटुंबानं सहा जणांचा तंबू घ्यावा. तो दुहेरी असावा, म्हणजे आत जाळीचा तंबू आणि त्यावरून ताणायचं पाणी न झिरपणारं वेगळं कापड. नाशिक, पुणे, मुंबईत ट्रेकिंगचं सामान भाड्यानं मिळतं. पहिल्या वेळी भाड्यानंच आणावा, विकत घ्यायचा की नाही ते नंतर ठरवावं. निघण्याच्या आदल्या रविवारी तो सोसायटीच्या गच्चीवर मुलांच्या मदतीनं एकदा उभा करून बघावा. गच्चीत खुंट्या ठोकता येत नाहीत; कोपऱ्यांना विटा ठेवल्या तरी भागतं. कुठली काठी कुठं जाते, चेन नीट लागते का, काही हरवलंय का, हे सगळं तिथं कळतं. अंधार पडल्यावर शेतात बॅटरी दातात धरून ते शोधण्यात शहाणपण नाही.

जागा निवडताना ओढ्याचं कोरडं पात्र टाळा, एकटं उंच झाड टाळा, वाळक्या फांद्यांखाली तर अजिबात नको. भाताची खाचरं कापणीनंतर सपाट असतात, पण धसकटं टोचतात आणि तंबूचा तळ फाडतात. तंबूखाली अंथरायची ताडपत्री तळापेक्षा थोडी लहान किंवा कडा आत दुमडलेली हवी. ती बाहेर डोकावली तर तंबूवरून ओघळणारं पाणी तिच्यावर साठून थेट पाठीखाली येतं. खुंटी सरळ ठोकू नये. तिचं डोकं तंबूपासून लांब कललेलं राहील अशी तिरकी ठोकावी, म्हणजे दोरीच्या ओढीनं ती निघत नाही.

पहाटे डोळे उघडले की तंबूचं छत घामेजलेलं दिसतं. बोट लावलं तर थेंब थेंबाला मिळतो आणि एक ओघळ थेट उशीपर्यंत येतो. नवखी माणसं म्हणतात, तंबू गळतोय. तो गळत नसतो. रात्रभर आपण सगळे मिळून श्वासावाटे बरंच पाणी बाहेर टाकतो. ती वाफ बाहेरच्या थंडीनं गार झालेल्या कापडाला भिडली की तिचं पाणी होतं. उपाय एकच, वरचे झरोके आणि जाळीच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवायच्या. थंडीच्या भीतीनं सगळं बंद करणारा सकाळी ओल्या पांघरुणात उठतो.

थंडीचं म्हणाल तर ती वरून वाजते त्यापेक्षा खालून जास्त. जमीन अंगातली ऊब खेचत राहते. म्हणून पांघरुणं वाढवण्याआधी अंथरूण वाढवा. फोमची चटई आणि तिच्यावर घरची जाड गोधडी एवढ्यावर डिसेंबरची रात्र निभावते, अंगावर मग जे असेल ते. मात्र ऊब यावी म्हणून शेगडी, निखारे किंवा पेटता स्टोव्ह तंबूत कधीच नेऊ नका. कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो उठू देत नाही. चेन सतत बंद ठेवायची आणि सकाळी बूट झटकूनच घालायचे, हे मुलांकडून गच्चीवरच घोकून घ्यावं.

जेवण साधं ठेवावं. मसालेभात, भाजलेले बटाटे, सकाळी पोहे. जेवणं झाली की खरी गंमत सुरू होते, कारण तेलकट पातेलं समोर असतं आणि नळ नसतो. यजमानांच्या घरातल्या मावशी चुलीतली राख ओंजळभर देतात, नारळाची शेंडी आम्ही घरून नेतो. पातेलं आधी कागदानं पुसून घ्यायचं, कागद कचऱ्याच्या पिशवीत. मग चिमूट-चिमूट राख, पाण्याचा हबका आणि शेंडीनं गोल गोल घासणं. जरा वेळानं हाताला काय लागतं ते बघा: आधी राख खरखरते, तेल चिकटतं, आणि मग एकदम बोटं सटकायला लागतात. पातेल्यात साबण तयार होऊ लागल्याची ती खूण. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. ते पाण्यात विरघळलं की अल्कधर्मी द्रावण होतं आणि चरबीच्या थोड्या भागाचा साबण करतं. उरलेली राख नुसती घासायचं काम करते. स्टीलच्या नि लोखंडी भांड्यांना हे उत्तम. ॲल्युमिनियमला मात्र राख लावू नये, ते काळवंडतं आणि झिजतं. आणि राख निव्वळ लाकूड-गोवऱ्यांची हवी, प्लॅस्टिक जाळलेल्या चुलीची चालणार नाही.

धुतलेलं पाणी तलावापासून निदान साठ मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची सत्तरेक पावलं, लांब नेऊन मातीत शिंपडून टाकावं. खरकटं गाळून वेगळं काढावं. भांडी तलावात बुचकळून धुऊ नयेत, रिठ्यानं तर नाहीच. 'नैसर्गिक आहे, मग काय बिघडतं' असं पुष्कळ जण म्हणतात. रिठ्यात फेस येतो तो सॅपोनिन या द्रव्यामुळे, आणि हेच सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना घातक असतं. सॅपोनिन असलेल्या वनस्पती कुटून डोहात टाकायच्या आणि मासे गुंगवून धरायचे, ही पद्धत कितीतरी ठिकाणी चालत आलेली आहे. मातीत पडलं तर तिथले सूक्ष्मजीव त्याचा फडशा पाडतात. त्यामुळे घरचा साबण वापरला तरी सत्तर पावलं चुकत नाहीत.

रिठा कसा करायचा? मूठभर रिठे फोडून बिया काढायच्या आणि टरफलं लिटरभर पाण्यात रात्री भिजत घालायची. सकाळी त्याच पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकळायची, गार झाल्यावर कुस्करून फडक्यानं गाळायची. चहाच्या रंगाचं, किंचित आंबूस वासाचं पाणी मिळतं. सासूबाई त्यानं पैठणी, लोकरीचे स्वेटर आणि सोन्याच्या बांगड्या धूत आल्या आहेत. मी भांडी आणि फरशी त्यानं करते. फेस बेताचाच येतो. पण फेस म्हणजे स्वच्छता नव्हे, ती आपल्या डोळ्यांना जाहिरातींनी लावलेली सवय आहे. हे पाणी बाहेर दोन-तीन दिवसांत नासतं, फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं तर महिनाभर पुरवता येतं. डोळ्यांत गेलं तर चांगलंच झोंबतं, तेव्हा मुलांच्या हाताशी ठेवू नये.

घरातल्या बाकीच्या सफाईचं गणित साधं आहे. डाग कशाचा आहे ते आधी ओळखा. बोअरच्या पाण्यानं नळांवर, बादल्यांवर, गीझरच्या तोंडाशी जो पांढरा थर चढतो तो कॅल्शियम कार्बोनेटचा. तो आम्लात विरघळतो, म्हणून तिथं व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचं पाणी. त्यात फडकं भिजवून नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवलं की खरवडावं लागत नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांवरचा काळपटपणाही आम्लानंच जातो, म्हणून आपल्याकडे चिंच नाहीतर लिंबू-मीठ. उलट गॅसच्या शेगडीवरचा, चिमणीच्या जाळीवरचा चिकट थर तेलाचा. त्याला अल्कली हवी, म्हणजे धुण्याचा सोडा आणि कढत पाणी. धुण्याचा सोडा कडक असतो, हातमोजे घालावेत. खायचा सोडा त्याहून सौम्य. तो ओलसर करून चहाचे कप आणि फ्रिजचे कप्पे पुसावेत.

आणि या दोन टोकांना एकत्र आणू नका. व्हिनेगरमध्ये सोडा टाकला की फसफसून येतं, बघायला फार छान वाटतं, मुलं टाळ्या वाजवतात. पण त्यात आम्लानं सोड्याला मारलेलं असतं आणि सोड्यानं आम्लाला. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे उरतं जवळपास खारं पाणी. वेगवेगळे वापरले तर दोघंही कामाचे आहेत.

जुन्या घरांतल्या बायांना एक खास सांगणं. शहाबादी फरशी, कोटा आणि ओट्याचा काळा कडप्पा हे सगळे चुनखडीचे दगड आहेत, आणि संगमरवरही त्याच कुळातला. नळावरचा थर खाणारं लिंबू या दगडांनाही खातं. त्यांची चकाकी एकदा गेली की पुसून परत येत नाही. तिथं रिठ्याचं पाणी किंवा साधा साबणच बरा. ग्रॅनाइटला तेवढी भीती नाही, पण त्यालाही रोज आम्ल नको.

सध्या संत्र्या-मोसंबीच्या सालींच्या 'बायोएन्झाइम'ची चलती आहे. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, आणि तीन महिन्यांची वाट. मीही ते घालते. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडावा लागतो, नाहीतर बरणी फुटते. तयार होतं ते मुख्यतः आंबट द्रावण, आणि ते व्हिनेगरसारखंच थर काढतं. वास सुरेख असतो. त्यानं जंतू मरतात या भरवशावर मात्र राहू नका. घरात कुणाला जुलाब-उलट्या झाल्या असतील तर संडासात ब्लीचिंग पावडर हवी, तिथं रिठा आणि साली यांचा हट्ट धरू नये. ब्लीच ज्या दिवशी वापराल त्या दिवशी तिथं व्हिनेगर, लिंबू, टॉयलेटचं ॲसिड यांतलं काहीही नको. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. घरी केलेलं कुठलंही द्रावण पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरू नये, आणि प्रत्येक बाटलीवर नाव नि तारीख लिहावी.

शेवटी पुन्हा तंबू, कारण तोही धुवावा लागतो. डिटर्जंटनं त्याच्या कापडाचा पाणी अडवायचा गुण जातो, वॉशिंग मशिननं शिवणी उसवतात. मी कोमट पाण्यात जरासं रिठ्याचं पाणी घालून स्पंजनं पुसते आणि नुसत्या पाण्याचा हात फिरवते. चेन अडखळत असेल तर तिच्यावर मेणबत्ती घासते. सावलीत, वाऱ्यावर, शिवणीसुद्धा कोरड्या होईपर्यंत तो वाळू द्यावा; ओलसर घडी घातलेल्या तंबूला बुरशी धरते आणि तो वास पुढे जात नाही.

दिवाळीची सुट्टी लागली की एक शनिवार मोकळा ठेवा. तंबू भाड्यानं सांगून ठेवा, एका शेतमालकाशी फोनवर बोलून घ्या, आणि शुक्रवारी रात्री झोपण्याआधी रिठे भिजत घालायला विसरू नका.