खांद्याला पेलेल अशी रायफल

नोव्हेंबरच्या अखेरीस 'थँक्सगिव्हिंग'चा सण आटोपला की अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात हरणांच्या शिकारीच्या हंगामाचे वेध लागतात. सणानंतरच्या सोमवारी हंगामाचा पहिला बार उडायचा आणि त्या दिवशी ग्रामीण भागातील अनेक शाळा चक्क बंद असायच्या. २०१९ पासून हा मुहूर्त शनिवारवर आला, इतकेच. भडक नारिंगी जाकिटे घातलेली माणसे पहाटेच्या अंधारात जंगलात शिरतात. त्यांत आजोबा असतात, नातवंडे असतात आणि आयुष्यात प्रथमच रायफल खांद्याला लावणारे नवखेही असतात. या नवख्यांपुढचा पहिला प्रश्न हरीण कुठे सापडेल हा नसतोच. कोणती रायफल आपल्या खांद्याला पेलेल, हा असतो.

मराठी वाचकाला हा प्रश्न काहीसा परका वाटेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे चितळ-सांबराची शिकार हा गुन्हा आहे आणि तो तसाच असायला हवा. अमेरिकेतील परिस्थिती मात्र वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे पांढऱ्या शेपटीची हरणे बेसुमार शिकारीमुळे पाच लाखांहूनही कमी उरली होती, असा अंदाज आहे. कडक कायद्यांमुळे आज त्यांची संख्या तीन कोटींच्या आसपास असल्याचे मानले जाते. बहुतेक भागांतून लांडगे केव्हाच नाहीसे झाले. परिणामी ही हरणे पिके फस्त करतात, जंगलातील कोवळी रोपे वाढू देत नाहीत आणि महामार्गांवर मोटारींना धडकतात. म्हणूनच प्रत्येक राज्य परवाने देऊन, संख्या ठरवून शिकारीला मुभा देते. रायफली आणि काडतुसांवरील ११ टक्के संघीय कर १९३७ च्या कायद्यानुसार वन्यजीव संवर्धनाकडे वळवला जातो. तेथे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनाही एखादा सहकारी किंवा शेजारी या हंगामाचे आमंत्रण देतो. मात्र एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना बंदूक बाळगण्यास संघीय कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्या मनाईला असलेला अपवाद आहे. हे कागदपत्र हाती नसताना मित्राच्या आग्रहाखातर रायफल उचलणे महागात पडू शकते.

नवख्याच्या हाती बहुधा जी रायफल दिली जाते, ती असते 'थर्टी-ऑट-सिक्स'. १९०६ मध्ये अमेरिकी लष्कराने स्वीकारलेले हे काडतूस दोन महायुद्धे पाहून आलेले आहे. घराघरांत ते वडिलोपार्जित दागिन्यासारखे जपले जाते. त्याच्या सामर्थ्याबद्दल वादच नाही. पण पहिल्या पाच बारांतच खांदा काळानिळा पडतो, कानठळ्या बसतात आणि सहाव्या बाराच्या वेळी चाप ओढण्यापूर्वीच नवख्याचे डोळे मिटतात, खांदा पुढे सरकतो, बोट चापाला हिसका देते. शिकाऱ्यांच्या जगात या दचकण्याकडे भित्रेपणा म्हणून पाहण्याची एक जुनी खोड आहे. मर्दपणाची ही कल्पना जितकी हास्यास्पद, तितकीच हरणाच्या दृष्टीने घातक आहे.

घातक ती कशी, हे साध्या भूमितीने कळते. हरणाच्या छातीत हृदय आणि फुप्फुसे मिळून जी मर्मस्थानाची जागा असते, ती साधारण २० सेंटिमीटर व्यासाची. म्हणजे स्वयंपाकघरातील एखाद्या लहान ताटलीएवढी. गोळी तेथे लागली तर जनावर काही सेकंदांत कोसळते. शंभर मीटरवर नळी एका अंशाच्या केवळ दहाव्या हिश्श्याने हलली, तरी गोळी १७ सेंटिमीटर सरकते. ताटलीच्या मध्यावर धरलेला नेम तिच्या काठाबाहेर जातो. गोळी पोटात किंवा पायात लागलेले हरीण धावत सुटते, झाडोऱ्यात कुठेतरी दडते आणि काही तासांनी, क्वचित काही दिवसांनी तडफडून मरते. शिकारी ते शोधत रात्रभर फिरतो आणि पुष्कळदा रिकाम्या हाती परततो. तेव्हा बंदुकीचा धक्का ही शिकाऱ्याच्या सुखसोयीची बाब नव्हे. त्या जनावराचे मरण कसे असेल, याचा निकाल बव्हंशी त्यावरच लागतो.

येथे एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रत्यक्ष धक्क्याने नेम फारसा चुकत नाही. दारू पेटल्यावर गोळी नळीबाहेर पडायला साधारण एका सेकंदाचा हजारावा भाग लागतो. तेवढ्या अवधीत रायफल मागे सरकते ती काही मिलिमीटरच. खांद्याला दणका जाणवतो तेव्हा गोळी कधीच निघून गेलेली असते. नेम चुकवते ती त्या दणक्याची आगाऊ धास्ती. धास्ती शरीरात एकदा मुरली की ती उपदेशाने जात नाही. ती बसूच न देणे, हाच उपाय.

धक्क्याचे शास्त्र शाळेतल्या न्यूटनच्या नियमाचेच आहे. गोळी आणि जळालेल्या दारूचा वायू जितक्या संवेगाने पुढे जातात, तितक्याच संवेगाने रायफल मागे येते. साडेअकरा-बारा ग्रॅमची गोळी फेकणारी, ३.४ किलो वजनाची 'थर्टी-ऑट-सिक्स' खांद्यावर सुमारे ३२ ज्यूल ऊर्जेने आदळते. तेवढ्याच वजनाच्या रायफलीत .२४३ विंचेस्टर हे काडतूस घातले, तर हा आकडा १३-१४ ज्यूलवर उतरतो. उलट .३०० विंचेस्टर मॅग्नम या दांडग्या काडतुसाने तो चाळिशी ओलांडतो. मैदानी प्रदेशातील लांबच्या माऱ्यासाठी किंवा 'एल्क'सारख्या मोठ्या जनावरासाठी मॅग्नमचे समर्थन करता येईल. पूर्वेकडील दाट जंगलांत, जेथे हरीण पुष्कळदा शंभर मीटरांच्या आतच दिसते, तेथे नवख्याच्या हाती ती देणे म्हणजे माशीसाठी तोफ डागणे.

मग निवड कोणती? १९५५ मध्ये आलेल्या .२४३ विंचेस्टरची शिफारस दुकानदार हमखास करतात. .३०८ विंचेस्टरच्या काडतुसाचे तोंड सहा मिलिमीटरच्या गोळीसाठी अरुंद करून ते बनवलेले आहे. त्याची साडेसहा ग्रॅमची गोळी दीडशे-दोनशे मीटरपर्यंत हरणाला पुरेशी ठरते. किशोरवयीनांसाठी किंवा फार सडपातळ बांध्याच्या व्यक्तीसाठी ते उत्तमच. मात्र ते चुकीला फारशी क्षमा करत नाही. गोळी हलकी असल्याने खांद्याच्या जाड हाडावर तिरपी आदळल्यास ती आत खोलवर जाईलच, याची खात्री नसते. ज्याचा नेम अजून बसायचा आहे, त्याच्यासाठी हा मुद्दा दुर्लक्षिण्यासारखा नाही.

म्हणून सर्वसाधारण प्रौढ नवख्याने एक पायरी वर चढावे, हे अधिक शहाणपणाचे. १९८० मध्ये रेमिंग्टनने बाजारात आणलेले ७ एमएम-०८ आणि २००७ मध्ये हॉर्नाडीने आणलेले ६.५ क्रीडमूर ही दोन काडतुसे येथे चपखल बसतात. दोन्हींची गोळी नऊ ग्रॅमच्या आसपास. ३.४ किलोच्या रायफलीत त्यांचा धक्का १८ ते २० ज्यूल, म्हणजे 'थर्टी-ऑट-सिक्स'च्या दोन-तृतीयांशाहूनही कमी. हरणाला मात्र या दोहोंतील फरक कळत नाही. क्रीडमूर मुळात लांब पल्ल्याच्या निशाणेबाजीसाठी घडवले गेले. गेल्या काही वर्षांत त्याचा इतका बोलबाला झाला, की जुने शिकारी त्याच्या नावाने नाके मुरडतात. पण काडतुसे सर्वत्र मिळणे हाही एक गुणच, आणि त्या बाबतीत क्रीडमूर सरस आहे.

मध्यम धक्क्याच्या काडतुसाला कमी लेखणाऱ्यांनी जिम कॉर्बेट आठवावा. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचा त्याने १९०७ मध्ये निकाल लावला, त्याबद्दल त्याला भेट मिळालेली रायफल .२७५ रिग्बी होती. हे काडतूस म्हणजे जर्मनीच्या ७×५७ माउझरचेच इंग्रजी नाव. आजचे ७ एमएम-०८ सामर्थ्याने जवळजवळ त्याच्याच तोडीचे आहे. अर्थात कॉर्बेटची नजर आणि स्थिरचित्तता दुकानात विकत मिळत नाही. तरीही तशा माणसाने या जातीची रायफल आयुष्यभर आवडीने वापरली, ही गोष्ट बोलकी आहे.

आजोबांची 'थर्टी-ऑट-सिक्स'च वापरायची असा भावनिक हट्ट असेल, तर त्यावरही तोड आहे. काही कंपन्या कमी दारू आणि हलकी गोळी असलेली सौम्य काडतुसे बनवतात. शंभर-सव्वाशे मीटरच्या आत ती निर्धोक वापरता येतात. पुढे सराव झाला, की त्याच रायफलीत नेहमीचे काडतूस घालता येते.

काडतुसाइतकेच महत्त्व रायफलीच्या वजनाला आहे, आणि नवखे फसतात ते नेमके येथेच. दुकानात पाऊण-एक किलोने हलकी रायफल हातात सुखद वाटते. पण हलकी रायफल जोरात लाथ मारते. वर उल्लेखिलेली 'थर्टी-ऑट-सिक्स' २.७ किलोची असेल, तर ३२ ज्यूलचा धक्का ४० वर जातो. मुलांसाठी किंवा सडपातळ स्त्रियांसाठी म्हणून खपवल्या जाणाऱ्या चिमुकल्या रायफलीत जड काडतूस घालणे, हा तर शुद्ध अविचार. दुर्बिणीसह साडेतीन ते चार किलो वजन असावे. दिवसभर डोंगर चढायचा नसेल, मचाणावर बसून वाट पाहायची असेल, तर हे वजन जाचत नाही.

दस्ता अंगाला बसणे हे कपड्याच्या मापासारखे आहे. बहुतेक रायफली सरासरी उंचीच्या अमेरिकी पुरुषाच्या मापाने घडवतात. आखूड हाताच्या माणसाला तो दस्ता लांब पडतो. मग रायफल खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर टेकते आणि तेथला दणका दुप्पट झोंबतो. दस्त्याची लांबी कमी-जास्त करता येईल अशी रायफल घ्यावी, टोकाला चांगल्या जाड रबराची गादी असावी. दुर्बीण डोळ्यापासून नऊ-दहा सेंटिमीटर दूर राहील अशी बसवून घ्यावी. नाहीतर तिची कड भुवईवर आदळून अर्धचंद्राकृती जखम होते. शिकाऱ्यांच्या कपाळावरील हा शिक्का काही अभिमानाचा नव्हे.

नळीच्या टोकाला छिद्रांचे टोपण बसवून धक्का कमी करण्याची युक्तीही आहे. वायू बाजूंना फेकला गेल्याने रायफल खरोखरच कमी मागे येते. पण तो आवाज चालवणाऱ्याच्या आणि शेजाऱ्याच्या कानांवर अधिक कडाडतो. दचकण्यामागे खांद्याच्या वेदनेइतकाच आवाजाचाही वाटा असतो, त्यामुळे नवख्याला हे टोपण एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने काढून घेते. सरावाच्या वेळी कानांत बोळे आणि वरून कर्णरक्षक, असे दोन्ही घातल्याने होणारा फायदा पुष्कळदा अधिक असतो.

खरेदीपूर्वी राज्याचा कायदा पाहणे अपरिहार्य. कोलोराडोत हरणासाठी किमान .२४ इंच व्यासाची गोळी लागते, म्हणजे .२४३ तेथे कसेबसे उंबरठा ओलांडते. ओहायोत तर निमुळत्या मानेची काडतुसे हरणासाठी चालतच नाहीत. २०१४ पासून तेथे सरळ भिंतीच्या काडतुसांच्या रायफलींना परवानगी मिळाली. अशा राज्यांसाठी २०१९ मध्ये आलेले .३५० लेजंड हे धक्क्याला सौम्य काडतूस नवख्यांना सोयीचे आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर संपूर्ण बंदी आहे. शिसे गिधाडांच्या कुळातील 'काँडोर' पक्ष्यांच्या पोटात जाते, हे त्याचे एक मोठे कारण. पर्यायी तांब्याची गोळी फुटून विखुरत नाही आणि खोलवर शिरते, त्यामुळे हलक्या काडतुसांची उणीव ती बरीचशी भरून काढते. बंदी नसलेल्या राज्यांतही .२४३ वापरणाऱ्याने तिचा विचार करावा.

रायफल आणल्यावर पहिल्याच दिवशी तिच्यातून वीस बार काढण्याचा मोह टाळावा. सरावाचा मोठा भाग .२२ व्यासाच्या छोट्या रायफलीवर करावा. तिला धक्का जवळजवळ नसतोच आणि काडतुसेही स्वस्त. मोठ्या रायफलीचे एका बैठकीत आठ-दहा बार पुरे. त्यातही जुन्या प्रशिक्षकांची एक युक्ती अनुभवण्याजोगी आहे. मागे उभ्या असलेल्या साथीदाराने रायफल भरून द्यायची आणि मधूनच, न सांगता, दारू नसलेले खोटे काडतूस घालायचे. बार उडत नाही, तरी नळी खाली झुकलेली सर्वांना दिसते, चालवणाऱ्याला स्वतःलाही. सलग पाच-सहा खोट्या काडतुसांवर नळी जागची हलेनाशी झाली, की मग उभ्याने, गुडघ्यावर बसून, झाडाला टेकून असा सराव सुरू करावा. ज्या अंतरावर पाचही गोळ्या ताटलीत बसतात, तेच त्या हंगामापुरते आपले अंतर. ते साठ मीटर निघाले, तर सत्तर मीटरवरचे हरीण जाऊ द्यायचे.