पाटी किती लांबून वाचायची?

दुकानाची पाटी, रिक्षाच्या पाठीवरचे स्टिकर, स्नेहसंमेलनात रंगमंचामागे लावलेला फलक ही सारी कामे एकेकाळी पेंटरच्या कुंचल्यातून उतरत असत. आज ती मोठ्या रुंदीच्या छपाई यंत्रातून बाहेर पडतात. तालुक्याच्या गावी असा व्यवसाय करणारे आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. त्यांचे दहा फुटी यंत्र थकले होते. छापलेल्या रंगात आडवे पट्टे उमटत होते आणि दुरुस्तीचा खर्च परवडण्यापलीकडे गेला होता. नवे यंत्र घ्यायचे तर कर्ज काढावे लागणार होते. दोन माहितीपत्रके पुढे ठेवून ते म्हणाले, “सर, यातले कोणते घेऊ?”

पहिले यंत्र ३.२ मीटर रुंदीचे, वेगवान, ७२० डीपीआयचे होते. दुसरे १.६ मीटर रुंदीचे, सावकाश चालणारे, पण १४४० डीपीआयचे. डीपीआय म्हणजे एका इंचात यंत्र किती ठिपके देऊ शकते ती संख्या. आम्ही चटकन म्हणालो, “दुसरे घ्या. ठिपके दुप्पट बारीक आहेत.” त्यावर त्यांनी साधाच प्रश्न विचारला, “पण पाटी तर लोक रस्त्यावरून बघतात ना?” या प्रश्नाने आम्हाला मुळापासून विचार करायला लावला.

डोळ्याचा हिशेब

निरोगी डोळा साधारणपणे एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातील दोन बिंदू वेगळे ओळखू शकतो. याचा सोपा अर्थ असा की, वस्तू जितक्या अंतरावर असेल त्याच्या सुमारे ३४०० व्या भागापेक्षा बारीक तपशील डोळ्याला दिसत नाही. वही ३० सेंटिमीटरवर धरली तर ही मर्यादा ०.०९ मिलिमीटर येते. ३ मीटरवरच्या पाटीसाठी ती ०.९ मिलिमीटर, तर ३० मीटरवरच्या फलकासाठी जवळजवळ ९ मिलिमीटर होते.

१४४० डीपीआयच्या छपाईत शेजारच्या दोन ठिपक्यांमधील अंतर ०.०१८ मिलिमीटर असते. म्हणजे ३ मीटरवरून पाहणाऱ्याला दिसू शकेल त्याच्या पन्नासपट बारीक काम यंत्र करीत असते! मात्र येथे एक खुलासा हवा. यंत्राकडे थोड्याच रंगांच्या शाया असतात. फिकट गुलाबी छटा हवी असेल तर ते गुलाबी ठिपके विरळ टाकते. समजा, छटांसाठी ८ × ८ ठिपक्यांचा एक चौकोन वापरला, तर चित्राचा खरा घटक त्या चौकोनाएवढा, म्हणजे आठपट मोठा होतो. हे धरूनही ३ मीटरवरून पाहायच्या पाटीला २३०-२४० डीपीआय पुरतात. ३६० म्हणजे चंगळच. हातात धरून वाचायच्या लेबलांना मात्र १४४० चा खरा उपयोग होतो.

हे वर्गात सहज पडताळता येईल. पांढऱ्या कागदावर १ मिलिमीटर जाडीच्या दोन काळ्या रेघा, मध्ये १ मिलिमीटर फट ठेवून काढाव्यात. कागद भिंतीवर चांगल्या उजेडात लावावा आणि विद्यार्थ्यांना मागे मागे जायला सांगावे. रेघा एक झाल्यासारख्या कोठे वाटतात ते अंतर मोजावे. ते साडेतीन मीटरच्या आसपास यायला हवे. ज्याचे उत्तर फारच कमी येईल त्याला चष्म्याची गरज आहे का, हेही कळेल.

जास्त डीपीआयची किंमत वेळेत मोजावी लागते. शाई सोडणारे हेड कापडावरून डावी-उजवीकडे फिरत असते. ठिपके दाट हवे असतील तर त्याच पट्ट्यावरून त्याला अधिक फेऱ्या माराव्या लागतात. फेऱ्या दुप्पट झाल्या की तासाला होणारे काम जवळजवळ निम्मे होते. माहितीपत्रकातला सर्वांत मोठा वेग सहसा सर्वांत कमी फेऱ्यांचा असतो. तेव्हा वेग आणि डीपीआय हे दोन्ही आकडे एकाच वेळी मिळतील असे समजू नये.

थेंब उडतो कसा?

शाईचा थेंब उडवण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिली उष्णतेची. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानमधील कॅनन आणि अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड या कंपन्यांनी ती स्वतंत्रपणे शोधून काढली. सूक्ष्म छिद्रामागची तापपट्टी क्षणार्धात सुमारे ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापते, शाईतल्या पाण्याच्या वाफेचा बुडबुडा फुगतो आणि थेंब बाहेर ढकलला जातो. बुडबुडे फुगून मिटण्याचा मारा सोसून तापपट्टी झिजते. म्हणून अशा यंत्रात हेड ही शाईसारखीच अधूनमधून बदलायची, पण तुलनेने स्वस्त वस्तू असते.

दुसरी पद्धत दाबविद्युत परिणामाची. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युतभार निर्माण होतो, हे प्येर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवले. खटका दाबून ठिणगी पाडणारा गॅसचा लायटर याच तत्त्वावर चालतो. उलट, अशा पदार्थाला विद्युतदाब दिला तर त्याचा आकार किंचित बदलतो. शाईच्या कोठडीची भिंत अशी आकसली की थेंब बाहेर पडतो. येथे शाई उकळावी लागत नसल्याने पाण्याखेरीज इतर द्रावकांतली शाईही चालते. ही हेड टिकाऊ असतात, पण महाग. त्यांतल्या छिद्रांत शाई वाळून बसली तर मालकाची कंबर मोडते.

थेंबाचा आकार विद्यार्थ्यांना गणित म्हणून द्यावा. १० पिकोलिटर आकारमानाच्या गोल थेंबाचा व्यास किती? उत्तर येते सुमारे ०.०२७ मिलिमीटर, केसाच्या जाडीहूनही कमी! असा थेंब सोडणाऱ्या छिद्रात धुळीचा कण अडकला किंवा शाईची साय धरली तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच यंत्र बंद पडून राहणे त्याला मानवत नाही. रोज थोडी शाई वाया घालवून छिद्रे मोकळी ठेवावी लागतात.

शाई आणि श्वास

यंत्र निवडणे म्हणजे खरे तर शाई निवडणे होय. जुन्या पद्धतीच्या सॉल्व्हंट शाईतले द्रावक फ्लेक्सवरील पीव्हीसीला किंचित विरघळवते आणि रंग आत मुरतो. त्यामुळे छपाई ऊनपावसात टिकते. पण ते द्रावक शेवटी जाते कोठे? खोलीतल्या हवेत, आणि तेथून कामगाराच्या छातीत. अशा शायांत वापरल्या जाणाऱ्या सायक्लोहेक्झॅनोनची वाफ हवेच्या सुमारे साडेतीनपट जड असते. तेव्हा आढ्याजवळ पंखा लावून भागत नाही. वाफ यंत्राजवळून, खालच्या पातळीवरूनच ओढून बाहेर टाकावी लागते. आमच्या परिचितांच्या दुकानात मदतीला असलेला मुलगा संध्याकाळी डोके दुखते म्हणून सांगे. दुकानाला मागच्या बाजूस खिडकीच नव्हती.

इको-सॉल्व्हंट शाईतली द्रावके सावकाश उडतात, त्यामुळे छापताना साहित्य थोडे तापवावे लागते. वास कमी येतो, पण वास कमी म्हणजे वाफ नाही असे नव्हे. खिडकी येथेही हवीच. ह्यूलेट-पॅकार्डने २००८ साली बाजारात आणलेल्या लॅटेक्स शाईत बहुवारिकाचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. उष्णतेने पाणी उडते आणि कण वितळून रंगाचे पटल तयार होते. हवा त्या मानाने स्वच्छ राहते, परंतु पाणी उडवायला वीज भरपूर लागते. अतिनील किरणांनी घट्ट होणारी शाई ॲक्रिलिक, काच, सनबोर्ड अशा कडक पृष्ठांवरही छापते. मात्र न घट्टलेली शाई त्वचेला बाधते, म्हणून हातमोजे आवश्यक असतात.

रंग टिकण्यामागेही रसायनशास्त्र आहे. उन्हात राहिलेले जुने फलक निळसर का दिसतात, हे विद्यार्थ्यांना विचारावे. पिवळा आणि किरमिजी रंग सहसा आधी उडतात. निळ्यासाठी वापरले जाणारे तांब्याचे थॅलोसायनिन हे संयुग चिवट असल्याने मागे उरते. गावातले निळे पडलेले फलक, ते लावल्याची तारीख आणि त्यांची दिशा यांची नोंद केली तर एक चांगला प्रकल्प होईल.

वही काय सांगते?

एवढे झाल्यावर आम्ही त्यांना मागच्या तीन महिन्यांची कामाची वही काढायला सांगितली. दर दहा कामांपैकी सात-आठ पाच फुटांहून अरुंद निघाली. शिवाय दिवसाचे कामही त्यांना वाटत होते त्यापेक्षा बरेच कमी होते.

समजा, यंत्र ६ लाख रुपयांचे आहे, ते ५ वर्षे चालेल आणि वर्षाला ३०० दिवस काम होईल. म्हणजे १५०० दिवस, दिवसाला ४०० रुपये. रोज ४०० चौरस फूट छापले तर चौरस फुटाला यंत्राचा भार १ रुपया पडतो. ५० चौरस फूटच छापले तर तोच भार ८ रुपये होतो, आणि शाई, साहित्य, वीज, कर्जाचे व्याज हे सारे वेगळेच. रुंद यंत्र कामाविना उभे राहिले तर भार वाढतो आणि हेडही सुकतात. त्यापेक्षा महिन्यातले चार-दोन मोठे फलक जिल्ह्याच्या गावाहून छापून आणणे स्वस्त पडते.

शेवटी त्यांनी दुसरेच यंत्र घेतले, इको-सॉल्व्हंट शाईचे, १.६ मीटर रुंदीचे. आमचे पहिल्या दिवशीचे उत्तर बरोबर निघाले, पण त्याचे कारण साफ चुकले होते. गणितात अशा उत्तराला आपण गुण देत नाही. १४४० डीपीआय ते केवळ स्टिकर आणि लेबलांसाठी वापरतात, बाकीची कामे कमी फेऱ्यांत उरकतात. आणि यंत्र येण्याआधी गवंडी बोलावून त्यांनी मागच्या भिंतीला खिडकी पाडली आणि तिच्याखाली, जमिनीलगत, हवा बाहेर ओढणारा पंखा बसवला. साऱ्या खरेदीत सर्वांत स्वस्त गोष्ट तीच होती आणि माहितीपत्रकात तिचा उल्लेख कोठेही नव्हता.