चार अक्षरी लट्टलूर
‘लातूरचे प्राचीन नाव, अक्षरे चार’ या शब्दकोड्यातील प्रश्नाचे उत्तर आहे लट्टलूर. राष्ट्रकूट सम्राट ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ हे बिरुद मिरवीत. त्यांपैकी नवव्या शतकातील अमोघवर्ष हे आचार्य जिनसेनांचे शिष्य होते. जिनसेनांनी कालिदासाच्या मेघदूताचे चरण आपल्या श्लोकांत गुंफून भगवान पार्श्वनाथांवर ‘पार्श्वाभ्युदय’ रचले. ठरलेल्या चौकटीत नेमका शब्द बसविण्याचीच ही कसोटी. महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’ याच राजवटीतला, तर ‘प्रश्नोत्तररत्नमालिका’ खुद्द अमोघवर्षांच्या नावे प्रसिद्ध आहे.

आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी छापले गेले. प्रश्नोत्तरांतून ज्ञान देण्याची आपली रीत त्याहून हजार वर्षांनी जुनी आहे. मुलांनी चौकट भरली, की उत्तरामागचा हा वारसाही वडीलधाऱ्यांनी त्यांना अवश्य सांगावा.