खोडाळ्याच्या रानातले परतीचे प्रवासी

मार्च लागला की खोडाळ्याच्या रानात पानं कमी आणि फुलं जास्त दिसू लागतात. साग उघडाबोडका, पळस केशरी, काटेसावर लालभडक. सूर्यमाळच्या पठारापासून वैतरणेच्या खोऱ्यापर्यंत पसरलेल्या मोखाडा तालुक्याच्या या डोंगरपट्ट्यात पक्षी पाहावेत ते याच दिवसांत. पानगळीमुळे फांदी न् फांदी मोकळी झालेली असते, आणि थंडीभर मुक्कामाला असलेले पाहुणे अजून गेलेले नसतात.

पहाटेच्या फेरीला आलेल्या नवख्या माणसाची नजर आभाळात भिरभिरत राहते. जाणता वाटाड्या आधी झाड दाखवतो. कोणत्या झाडाला बहर आलाय, कोणत्या ओहोळात अजून पाणी आहे, एवढं ठाऊक असलं की निम्मं काम झालं. मोहफुलं वेचायला इथली वारली, कोकणा, ठाकर, कातकरी माणसं उजाडण्याआधीच रानात गेलेली असतात. म्हणून खोडाळ्यात पक्षी पाहायचे तर वाटाड्या इथलाच हवा. पक्ष्यांची पुस्तकातली नावं शिकता येतात; कुठला पळस आधी फुलतो हे रानात वाढल्याशिवाय कळत नाही.

पळसावर आणि सावरीवर सगळ्यात जास्त गलका असतो भोरड्यांचा. पळसमैना हे त्यांचं दुसरं नाव. अंग गुलाबी, डोकं, पंख नि शेपटी काळी. थंडीत हा गुलाबी रंग मळकट वाटतो, कारण नव्या पिसांची टोकं फिकट तपकिरी असतात. ती टोकं हळूहळू झिजतात आणि वसंतात आतला गुलाबी उठून दिसतो. फुलातला मध पिताना कपाळाला पराग माखतो, तो घेऊनच पक्षी पुढच्या झाडावर जातो. एप्रिल सरेपर्यंत हे थवे मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशांकडे निघालेले असतात. तिथे टोळ आणि नाकतोडे मुबलक असले की दगडांच्या फटींमध्ये त्यांची वसाहतच्या वसाहत घरटी करते.

भोरडी ओळखायला डोळे लागतात, राखी कोतवाल ओळखायला मात्र धीर लागतो. काळा कोतवाल बारमाही इथलाच. वीजतारेवर, गुरांच्या पाठीवर कुठेही बसलेला. त्याचा राखाडी भाऊ हिमालयाच्या बाजूने थंडीपुरता येतो आणि झाडाच्या शेंड्यावर बसतो. उजेड तोंडावर आला की त्याचा लाल डोळा दुर्बिणीत चमकतो, आणि खूण पटते.

जमिनीवरही पाहावं. वाळल्या पाचोळ्यात खसखस झाली की सगळे सरडा समजून पुढे निघतात. तो बऱ्याचदा निळ्या टोपीचा कस्तूर असतो. नराचं डोकं निळं, पोट विटकरी, पंखावर पांढरा ठिपका. पाचोळा उलटून किडे टिपतो, चाहूल लागली की आडव्या फांदीवर जाऊन स्तब्ध बसतो. हिमालयात वीण करणाऱ्या या पक्ष्याला सह्याद्रीतला पाचोळा थंडीभर पोसतो. मोहफुलं वेचणं सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळला जातो, त्यातून वणवा पसरतो आणि कस्तुराचं ताट जळून जातं. फुलं वेचणाऱ्याचं पोटही त्याच झाडावर आहे, त्यामुळे नुसत्या मनाईने भागणार नाही. झाडाखाली जाळी किंवा जुनी साडी अंथरली तर फुलं स्वच्छ मिळतात आणि आगही लागत नाही.

परतायची वेळ झाली हे पक्ष्यांना कळतं ते मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून. दिवस मोठा होऊ लागला की शरीरातली संप्रेरकं बदलतात, भूक वाढते, कातडीखाली चरबी साठते. हिरवट वटवट्याचं वजन दहा ग्रॅमही भरत नाही, तरी याच शिदोरीवर तो हिमालय गाठतो. शेंड्यावरच्या कोवळ्या पालवीत त्याची अखंड धावपळ चालते ती त्यासाठीच.

उत्तरेचे निघाले की दक्षिणेचे येतात. मे संपता संपता नवरंग दक्षिण भारत आणि श्रीलंकेकडून वर सरकतो आणि वळवाच्या सरींनंतर झाडोऱ्यातून त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. पाठोपाठ आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून चातक येतो. तोवर नागली-वरईचे राब भाजून झालेले असतात आणि शेतकरीही पावसाकडेच डोळे लावून असतो.

गलोल हा इथल्या रानातला नाजूक विषय. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात वनखात्याने ‘गलोल हटाव, पक्षी बचाव’ मोहीम हाती घेतली, तेव्हा पोरांनी आपल्या गलोली स्वतःहून जमा केल्या. अशा पोरांची नजर फार तयार असते. त्यांच्या हाती दुर्बीण दिली तर उद्याचे उत्तम वाटाडे त्यांच्यातूनच मिळतील.

फेरीला येणाऱ्यांनी एक काम जरूर करावं. पक्षी पहिल्यांदा कधी दिसला हे पुष्कळजण हौसेने लिहून ठेवतात, शेवटचा कधी दिसला हे फार थोडे. परतीचं वेळापत्रक बदलतंय का, हे या दुसऱ्या तारखेवरून कळतं. वहीत लिहा किंवा ‘ई-बर्ड’वर नोंदवा, पण तारीख आणि जागेशेजारी झाडाचं नावही लिहा: पळस, सावर, पांगारा की मोह.